दरवाज्यात काही अडकलंय का?

९ मार्च

ही वही जाऊबाईंनी दिली. वर फुलपाखरू आहे. म्हणाल्या, "मन मोकळं करा, ताई. लिहून काढलं की बरं वाटतं." त्यांनी स्वतः कधी काही लिहून काढल्याचं मी पाहिलेलं नाही, पण त्यांना बरं वाटत असतं हे खरं.

हे जाऊन महिना होत आला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने तोच शब्द वापरला. सुटले. "सुटले हो, फार सोसलं." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "तुम्हीही सुटलात." जणू आम्ही दोघं एकाच तुरुंगात होतो आणि जेलरने एकदमच कुलूप काढलं. मी मान हलवली. महिनाभर मी मानच हलवते आहे.

सासूबाई काठी घेऊन शेजारीच बसलेल्या असायच्या. त्यांना कुणी सुटलात म्हणालं नाही. मुलगा गेलेल्या आईला काय म्हणायचं हे कुणाला सुचत नाही, त्यामुळे सगळे त्यांना "चहा घेणार का?" विचारत होते. त्यांच्याच घरात.

आजचं मन एवढंच मोकळं झालं.

१३ मार्च

पुन्हा कामावर रुजू होऊन आठवडा झाला आणि लगेच ट्रेनिंग. कंपनीला वाटलं असेल, बाई दुःखात आहे, हिला आणखी काय द्यावं.

मी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत मदतकक्षात बसते. लिफ्ट मध्येच थांबली की लोक आतलं लाल बटण दाबतात आणि फोन माझ्या कानात वाजतो. मेकॅनिक पाठवायचा आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं, एवढंच काम. मी बोलकी नाही. पण अडकलेल्या माणसाला गप्पा नको असतात. पलीकडे कुणीतरी आहे एवढं पुरतं.

आता तेवढं पुरणार नाही. ट्रेनिंगवाल्या मॅडम आल्या होत्या, वयाने माझ्या निम्म्या. आल्या आल्या फळ्याकडे गेल्या आणि म्हणाल्या की आजपासून "अडकलात" हा शब्द बंद. "सोडवतो" बंद. "बाहेर काढतो" तर कायमचा बंद, ग्राहक काय विहिरीत पडलाय का? मग म्हणाल्या, एखाद्याला मोकळं करण्यासाठी इंग्रजीत जेवढे शब्द माहीत असतील तेवढे सांगा, त्यातला आपण कंपनीसाठी एक निवडू.

आमच्या मेकॅनिकला सगळे पाना म्हणतात. तो पान्यानेच पाठ खाजवतो. तो पहिला उठला. "बेल."

"ते जामिनाला, दादा. आपला ग्राहक आरोपी नाही."

"काही काही असतात, मॅडम."

मग सगळ्यांना चेव आला. कुणी लिबरेट म्हणालं. मॅडम म्हणाल्या, तो देशांसाठी. इमॅन्सिपेट, तो गुलामांसाठी. पाना म्हणाला, "मग स्टाफला चालेल." अनलीश म्हणजे कुत्र्याचा पट्टा सोडणं. अक्विट पुन्हा कोर्टातला. लेट गो कुणीतरी म्हणालं तेव्हा मॅडमनी घाईघाईने दुसऱ्याकडे बोट केलं, कारण मागच्या वर्षी कंपनीने तीन मेकॅनिकना त्याच शब्दाने घरी पाठवलं होतं. रिलीव्ह मला माहीत आहे. हे आजारी पडल्यावर त्यांच्या ऑफिसने त्यांना रिलीव्ह केलं होतं. पत्र वाचून ह्यांना हलकं वाटल्याचं काही मला दिसलं नाही.

डिस्चार्जही मला चांगला माहीत आहे. हॉस्पिटलने ह्यांना तीनदा डिस्चार्ज दिला. शेवटच्या वेळी मात्र खिडकीतली मुलगी म्हणाली, "बॉडी रिलीज व्हायला थोडा वेळ लागेल." त्यावरून रिलीज हा वरच्या दर्जाचा शब्द असावा. मॅडमनीही तोच निवडला.

आता फोन आला की म्हणायचं, "आपण सुरक्षित आहात. आपली लिफ्ट विरामावर आहे. आपल्याला लवकरच रिलीज करण्यात येईल." सगळे फोन रेकॉर्ड होणार, त्यातले निवडक मॅडम ऐकणार आणि गुण देणार.

मी सगळं लिहून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी म्हटलं, सगळे शब्द संपले होते.

१४ मार्च

जेवताना आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "आज किती जण अडकले?"

"अडकले म्हणायचं नाही आता. विरामावर असतात."

"म्हणजे अडकलेल्याला सांगायचं, बाबा रे, तू अडकलेला नाहीस."

"हो."

"मग तो काय करतो?"

"ओरडतो."

आई हसल्या. पुष्कळ दिवसांनी. मग स्वतःच दचकल्यासारख्या ताटात बघायला लागल्या.

थोड्या वेळाने पुन्हा, "बरं, विरामावर का गेले?"

मी सांगितलं. दोन ठिकाणी वीज गेली होती. तिसरीकडे एका बाईंची छत्री जाळीच्या दरवाज्यात अडकली होती. जुन्या लिफ्टना तेवढं निमित्त पुरतं. आतली जाळी बोटभर उघडी राहिली तरी त्या जागच्या हलत नाहीत.

"आपली तसलीच ना?"

"तसलीच. आमच्याच कंपनीकडे आहे."

"आणि छत्री काढली की?"

"जाळी नीट लागते, बटण दाबलं की चालते. म्हणून माणूस पाठवायच्या आधी आम्ही तेच विचारतो, दरवाज्यात काही अडकलंय का."

"आणि लोकांना दिसतं?"

"घाबरलेल्याला नाही दिसत."

"हं," म्हणाल्या आणि भात वाढून घेतला. त्यांना माझ्या कामात एवढा रस का, कळत नाही. ह्यांच्याबद्दल बोलायला लागू नये म्हणून असेल. मीही त्याच कारणाने सांगते.

१८ मार्च

पलंगवाल्याचा फोन. हॉलमधला तो वर-खाली होणारा पलंग ह्यांच्यासाठी भाड्याने आणला होता. तो म्हणाला, "मॅडम, बेड रिलीज करा की. वेटिंगला पेशंट आहेत." सगळ्यांचं ट्रेनिंग झालेलं दिसतंय.

मी सांगितलं की डोक्याकडचं हँडल घट्ट झालंय, दुरुस्त करून मगच देईन, असं देणं बरं नाही. तो म्हणाला, आमचा माणूस करेल. मी म्हटलं, नको, आमच्या हातून झालंय.

हल्ली मी त्याच पलंगावर झोपते. पाठीला बरं पडतं. पाठ दुखत नाही माझी, पण दुखायच्या आधी काळजी घेतलेली बरी.

२१ मार्च

भाऊजी आले होते. हे ह्यांचे धाकटे भाऊ. मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देतात. सल्ला आत आला की त्याच्या मागोमाग चकचकीत कागदांची फाईल येते. आज आमच्यासाठीही फाईल होती. वर बागेचं चित्र, बाकावर हसणारे दोन म्हातारे.

"वहिनी, तुम्ही दादाचं फार केलंत. आता तुम्हाला फ्री व्हायला हवं. आईची जबाबदारी तुमच्यावर का? तुमचंही आयुष्य आहे."

माझं आयुष्य आहे हे कळल्यावर मी चहा गाळायला गेले.

बाहेरून ऐकू येत होतं. ज्येष्ठांसाठीचं निवासकेंद्र आहे. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, तिथले लोक रागावतात. डॉक्टर आत, बाग आत, सोबत आत. भाऊजींनी नाव घालूनही टाकलंय. खोली पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला मिळेल. त्यांच्या स्वतःच्या घरी का नाही, हे कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मी कोण विचारणार? मुलगा त्यांचा, आई त्यांची. मी ज्या नात्याने या घरात आहे, ते नातं गेल्या महिन्यात रिलीज झालं.

मी चहा घेऊन आले तेव्हा आई फाईलमधली बाग बघत होत्या.

"आई, तुला काय वाटतं?" भाऊजींनी विचारलं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं. तो फार भरला होता.

"हिला मोकळीक मिळेल," आई म्हणाल्या. "जाते मी."

म्हणजे त्यांना जायचं आहे. बरं झालं, प्रश्न मिटला. चौदा वर्षं मी भाजीत मीठ कमी घालते हे त्या सांगताहेत. तिथे डॉक्टरच कमी घालतील, मग सांगतील कुणाला, बघू.

२२ मार्च

आज मीठ नेहमीसारखं घातलं. आईंनी तक्रार केली नाही. भाजी संपवली. मला जेवण गेलं नाही, उन्हामुळे असेल.

२७ मार्च

आई बॅग भरताहेत. चार साड्या ठेवतात, तीन बाहेर काढतात. मी विचारलं, मदत करू का? म्हणाल्या, "नको, तू मला पाठवायची घाई दाखवतेयस असं वाटेल."

"मी कुठे घाई दाखवतेय?"

"नाही ना? तेच म्हणते मी."

 यावरचं उत्तर मला सुचलं तोवर त्या झोपल्या होत्या.

३१ मार्च

पाना म्हणाला, "वहिनी, तुमची म्हातारी चालली म्हणे. सुटलात."

मी त्याच्या अंगावर ओरडले. मदतकक्षात मी याआधी कधी आवाज चढवला नव्हता. मान वळवून बघितलं सगळ्यांनी. पाना पान्यासकट बाहेर गेला. त्याने नेमकं काय वावगं म्हटलं, हे मला अजून कळलेलं नाही. जो शब्द सगळे म्हणाले, तोच तो म्हणाला. उद्या त्याला सॉरी म्हणायला हवं.

४ एप्रिल

सहा तारखेला रजा टाकावी म्हटलं. आई म्हणाल्या, "कशाला? रडारड करायला? तू आपली कामावर जा."

"बरं."

"कितीला बसतेस तू फोनवर?"

"सकाळी नऊला."

"आपल्या लिफ्टचे फोन तुलाच येतात की दुसऱ्या कुणाला?"

"या भागाचे सगळे मलाच."

"बरं," म्हणाल्या आणि भाऊजींना फोन लावून सांगितलं की नऊच्या आधी येऊ नकोस, माझं आवरत नाही.

चौदा वर्षांत त्यांचं सातच्या आत आवरलं नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. वय होतंय, दुसरं काय. तिथे डॉक्टर आहेत ते बरं आहे.

६ एप्रिल

सगळं आठवतंय तोवर लिहिते.

सकाळी निघताना मी "येते" म्हटलं. आई "ये" म्हणाल्या. बस.

कामावर बसून तासही झाला नसेल, फोन वाजला. पडद्यावर आमच्याच इमारतीचं नाव. मी नेमाप्रमाणे सुरुवात केली, "नमस्कार. आपण सुरक्षित आहात. आपली लिफ्ट विरामावर आहे."

"कसला विराम!" भाऊजी. "वहिनी? वहिनी, तुम्हीच ना? बंद पडलीय ही, मध्येच! लवकर काढा आम्हाला!"

"सर, आपण आत किती जण आहात?"

"अहो, सर काय? मी आहे!"

मागून आईंचा आवाज आला, शांत. "दोघं आहोत, मॅडम. मी आणि एक शहाणा."

माझ्या समोर लाल दिवा लागला होता. रेकॉर्डिंग चालू. मी पुढचा प्रश्न विचारला. "दरवाज्यात काही अडकलंय का? पिशवी, छत्री, कपडा?"

"नाही," आई म्हणाल्या.

"सर, आपण बघता का?"

"माझ्या दोन्ही हातात बॅगा आहेत, वहिनी, काही दिसत नाही! हवा कुठून येते इथे? येते का हवा?"

"जाळीची लिफ्ट आहे, सर. हवा चारी बाजूंनी येते. बॅगा खाली ठेवा. आमचा माणूस निघालाय. आपल्याला लवकरच रिलीज करण्यात येईल."

"मला नको," आई म्हणाल्या.

"काय नको, मॅडम?"

"ते तुमचं रिलीज. याला करा हवं तर. माझी काही घाई नाही."

"आई, आता चेष्टा करू नकोस!"

"तू गप्प बस रे जरा. मी मॅडमशी बोलतेय." मग आवाज बटणाच्या अगदी जवळ आला. "मॅडम, माणूस पोचेपर्यंत तुम्हाला आमच्याशी बोलत राहावं लागतं ना? मग मी विचारते, तुम्ही सांगा. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी लाल दिव्याकडे बघितलं. "मी आणि माझ्या सासूबाई."

"कशा आहेत?"

"मॅडम, हा फोन रेकॉर्ड होतो."

"होऊ दे. त्यांचा त्रास होतो तुम्हाला?"

कक्षात बाकीचे फोन वाजत होते. मी माझे कानावरचे हेडफोन घट्ट धरले.

"होतो," मी म्हटलं. "फार होतो. मिठावरून बोलतात. टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात. दार वाजलं की मी उठायच्या आधी स्वतः उठतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून मला ऐकवतात."

"मग त्या निघून गेल्या तर बरं वाटेल."

"मला ते कुणी विचारलेलं नाही."

"मी विचारते."

लिफ्टमध्ये बॅगा खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"नाही वाटणार," मी म्हटलं. "मला मोकळं नाही व्हायचं. ह्यांच्यापासूनही नव्हतं व्हायचं. सगळे म्हणाले सुटलात. मी कुठे सुटायला निघाले होते?" मग मला नियम आठवला. "आपण सुरक्षित आहात," मी म्हटलं.

पलीकडून कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं आई. पण ते भाऊजी होते.

"आई," ते म्हणाले, "आमच्या घरी तुला ठेवणं जमत नाही. का जमत नाही ते तुला माहितेय. मला त्याची लाज वाटते. मला वाटलं, निदान चांगली जागा बघावी. वहिनींवर टाकून मोकळा झालो असं कुणी म्हणू नये."

"कोण म्हणणार होतं?"

"मीच."

"मग मला विचारायचंस. हिला विचारायचंस. बागेचं चित्र कशाला आणलंस? फुलं बघून मी काय करू, मला चष्म्याशिवाय कोबी आणि गुलाब सारखाच दिसतो." मग जरा थांबून, "रविवारी येत जा. ते पुष्कळ आहे. आणि रडू नकोस, हवा कमी होईल."

"होते का, वहिनी?"

"नाही, सर."

त्यानंतर काहीतरी खटकन वाजलं, जाळी सरकल्यासारखं. आई म्हणाल्या, "दाब रे आता चारचं बटण."

"ती बंद पडलीय, आई."

"दाबून तर बघ."

लिफ्ट चालू झाली. मला घरघर ऐकू आली, मग चौथा मजला आल्याचा धक्का, मग आमच्या दाराची कडी. पाना तोवर अर्ध्या वाटेवरही नव्हता. मी नोंद केली, "बिघाडाचे कारण : कळले नाही. लिफ्ट आपोआप सुरू." दोन ओळींत खाडाखोड झाली, कारण मला नीट दिसत नव्हतं. पडद्याचा उजेड फार असतो.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बॅगा रिकाम्या होऊन कपाटावर गेल्या होत्या. आई टीव्ही बघत होत्या, आवाज मोठा. "आलीस?" म्हणाल्या. मी "आले" म्हटलं.

७ एप्रिल

पाना आमची लिफ्ट तपासून आला. बिघाड काही सापडला नाही. फक्त जाळीच्या खाचेत एक काळं रबर रुतलेलं होतं, काठीच्या टोकाला असतं तसलं. त्याने ते माझ्या टेबलावर ठेवलं.

"कुणाचं असेल?" मी म्हटलं.

"असेल कुणाचं," पाना म्हणाला. "इमारतीत काठीवाले पुष्कळ असतील."

आमच्या इमारतीत काठी एकाच माणसाकडे आहे. मी नोंद बदलली नाही. पानाला त्या दिवशीचं सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ दे हो वहिनी," आणि पाठ खाजवायला लागला.

११ एप्रिल

मॅडमनी नेमका तोच फोन निवडला. सगळ्यांसमोर लावणार होत्या, मी नको म्हटलं, तेव्हा मला एकटीला बोलावून गुण वाचून दाखवले. ग्राहकाशी आपुलकीचं नातं, दहापैकी दहा. संयम, दहा. "ग्राहकाने वैयक्तिक प्रश्न विचारले तरी तुम्ही न टाळता उत्तरं दिलीत, हे फारच छान. सासूबाईंची ती गोष्ट तर अगदी खरी वाटते!"

शब्दांच्या वापराला मात्र चार. रिलीज एकदाच म्हटलं, आणि "मोकळं" आणि "सुटलात" हे यादीबाहेरचे शब्द वापरले.

"पुढच्या वेळी लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, पुढची वेळ येईल असं वाटत नाही. त्यांना वाटलं मी नोकरी सोडतेय. पाणी दिलं मला.

आईंना गुण सांगितले. म्हणाल्या, "मला किती दिले?"

१६ एप्रिल

पलंगवाल्याला मीच फोन केला. दोन माणसं आली. त्यांनी हँडल फिरवून पाहिलं, सहज फिरलं. "हे तर चांगलं आहे, मॅडम." मी म्हटलं, हो, चांगलंच होतं.

दारातून नेताना पलंग अडला. एक जण म्हणाला तिरका करू, दुसरा म्हणाला उभा करू. आई काठी टेकत आल्या, नवं रबर लावलेली, आणि म्हणाल्या, "आणला तेव्हा पायांकडून आणला होता. तसाच न्या." तसाच गेला. आम्ही दोघी लिफ्टपाशी गेलो. जाळी लागेपर्यंत आई तिथेच उभ्या राहिल्या. मी त्यांचा हात धरला, त्यांचा तोल जाऊ नये म्हणून. त्यांनीही माझा घट्ट धरला. त्यांचं कारण मी विचारलं नाही.

परत आलो तर हॉल एवढा मोठा. फरशीवर चार पायांचे चार पांढरे डाग.

"किती मोकळं दिसतंय," आई म्हणाल्या.

"दिसतंय."

"वाटतंय का?"

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी खुर्ची ओढली ती त्या डागांच्या मधोमध ठेवली आणि बसल्या. "आता उभी काय राहिलीस? तुझी पण आण इथे."